तोल ढळतो तेव्हा ताटही तपासावे

चालताना पाय फाकवून टाकावे लागतात. वळताना भिंतीचा आधार घ्यावा लागतो. जिना उतरताना कठडा सोडवत नाही. कपातला चहा बशीत ओतताना निम्मा सांडतो, सही दर वेळी निराळी येते, बँकेतला कारकून ती परत करायला सांगतो आणि बोलणे जड, ओढल्यासारखे होत जाते. अशा माणसाकडे रस्त्यावरचे लोक बहुधा एकाच नजरेने पाहतात. आयुष्यात कधी दारूला शिवलेला नसला, तरी त्याच्यावर मद्यपी असल्याचा शिक्का बसतो. पुढेपुढे हा माणूस घराबाहेर पडणेच टाळू लागतो.

वैद्यकशास्त्रात या अवस्थेला अटॅक्सिया म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ सुसूत्रता नसणे. स्नायूंमधले बळ शाबूत असते. पण त्यांचा एकमेकांशी मेळ घालणारी यंत्रणा बिघडलेली असते. ही यंत्रणा मुख्यतः डोक्याच्या मागच्या भागातील लहान मेंदूत, म्हणजे अनुमस्तिष्कात असते. तेथील पर्किंजे पेशी या तिच्या कणा होत. झाडाच्या फांद्यांसारखा विस्तार असलेल्या या पेशी मोठ्या वयात नव्याने तयार होत नाहीत. ज्या गेल्या, त्या कायमच्या गेल्या. अटॅक्सियाच्या उपचारात काळाला इतके महत्त्व का, ते या एका गोष्टीवरून ध्यानी यावे.

अटॅक्सियाची कारणे अनेक आहेत. काही कुटुंबांत तो जनुकांतून उतरतो. दीर्घकाळचे मद्यपान, ब-१२ किंवा ई जीवनसत्त्वाची तीव्र कमतरता, अपस्माराची काही औषधे, थायरॉइडचे विकार, मेंदूतील गाठ, पक्षाघात आणि शरीरात अन्यत्र दडलेला कर्करोग यांमुळेही तो उद्भवू शकतो. पण हे सारे तपासून झाल्यावरही ज्यांच्या आजाराचे मूळ हाती लागत नाही, अशा रुग्णांचा एक मोठा गट उरतो. घराण्यात कोणाला असे झालेले नसते, एमआरआयमध्ये लहान मेंदू थोडासा आकसलेला दिसतो आणि चिठ्ठीवर ‘कारण अज्ञात’ असे लिहिले जाते. या गटातील काहींच्या आजाराचे मूळ त्यांच्या रोजच्या पोळीत असू शकते, हे गेल्या तीन दशकांतील संशोधनाने पुढे आणले आहे. या प्रकाराला ‘ग्लूटेन अटॅक्सिया’ असे नाव आहे. वेळीच ओळखला तर आवर घालता येईल अशा मोजक्या अटॅक्सियांपैकी तो एक असल्याने त्याची माहिती रुग्णाइतकीच त्याच्या घरच्यांनाही असायला हवी.

कणकेतला चिवटपणा

ग्लूटेन म्हणजे काय, हे महाराष्ट्रातल्या स्वयंपाकघरात वेगळे शिकवावे लागत नाही. गव्हाची कणीक तिंबून झाकून ठेवली की ती लवचीक होते, ताणली तरी तुटत नाही आणि तिची पोळी पातळ लाटता येते. ज्वारीच्या पिठाचे तसे होत नाही. त्याला आधण लागते, भाकरी हाताने थापावी लागते आणि हात जरा चुकला की कडा चिरतात. या दोहोंतील फरक म्हणजे ग्लूटेन. गव्हातील काही प्रथिने पाण्यात भिजून एकमेकांत गुंतली की हे चिवट जाळे तयार होते. त्यातील ग्लायडिन नावाच्या प्रथिनांभोवती या आजाराची कथा फिरते. जव आणि राय या धान्यांतही तशाच घडणीची प्रथिने असतात. तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी, मका आणि वरई यांत ती नसतात.

बहुतेकांना ग्लूटेनपासून काही अपाय होत नाही. मात्र ज्यांच्या पेशींवर डीक्यू-२ किंवा डीक्यू-८ या आनुवंशिक खुणा असतात, त्यांच्यापैकी काहींच्या शरीरातील संरक्षण यंत्रणा ग्लायडिनला परका शत्रू समजते. लहान आतड्यातील ट्रान्सग्लुटामिनेज-२ नावाचे विकर ग्लायडिनच्या रचनेत किंचित बदल करते. बदललेला तुकडा या खुणांवर घट्ट बसतो आणि संरक्षक पेशी खवळून उठतात. त्यानंतर केवळ ग्लायडिनविरुद्धच नव्हे, तर शरीराच्या स्वतःच्या विकराविरुद्धही प्रतिपिंडे, म्हणजे अँटीबॉडीज, तयार होऊ लागतात. घरचाच माणूस चोर ठरावा, तसा हा प्रकार. म्हणूनच हा साध्या अर्थाने ‘गव्हाची अॅलर्जी’ नसून स्वयंप्रतिकाराचा, म्हणजे ऑटोइम्यून, विकार आहे.

याचे सर्वांत परिचित रूप म्हणजे सिलिअॅक आजार. त्यात लहान आतड्याचे अस्तर सपाट होत जाते, अन्नरस शोषला जात नाही, जुलाब होतात, पोट फुगते, रक्त कमी होते आणि मुलांची वाढ खुंटते. लंडनचे डॉ. सॅम्युएल गी यांनी १८८८ मध्ये त्याचे नेमके वर्णन केले आणि बरे व्हायचे असेल तर ते आहारातूनच होईल, असेही सुचविले. पण आहारातून नेमके काय वगळायचे, हे कळायला आणखी अर्धशतक जावे लागले. नेदरलँड्समधील बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना गव्हाचा संशय दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासून होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात तेथे भीषण अन्नटंचाई झाली आणि पाव मिळेनासा झाला, तेव्हा त्यांची आजारी मुले सुधारली; पाव परत आला तेव्हा ती पुन्हा खालावली. १९५० मध्ये डिके यांनी आपला प्रबंध सादर केला. उपासमारीने माणसे मरत असताना काही मुले त्याच टंचाईमुळे तगली, हा वैद्यकाच्या इतिहासातील एक विलक्षण योगायोग म्हणावा लागेल.

शेफील्डमधील आकडे

सिलिअॅक हा पोटाचा आजार, ही समजूत पुढे इतकी रुजली की त्यापलीकडे पाहण्याची गरज फारशी कोणाला वाटली नाही. इशारा मात्र मिळाला होता. बर्मिंगहॅमचे कुक आणि स्मिथ यांनी १९६६ मध्ये सिलिअॅकबरोबर मज्जासंस्थेचे विकार असलेल्या १६ प्रौढ रुग्णांची हकिकत प्रसिद्ध केली. या सर्वांच्या चालण्यात अटॅक्सिया होता. मृत्यूनंतरच्या तपासणीत पर्किंजे पेशींचा ऱ्हास झालेलाही आढळला. परंतु आतड्यातून जीवनसत्त्वे शोषली जात नाहीत म्हणून नसा बिघडल्या असाव्यात, असा सोयीस्कर समज पुढे बराच काळ टिकून राहिला. जीवनसत्त्वे देऊनही हे रुग्ण सुधारत नव्हते, ही गोष्ट अडचणीची असल्यामुळे की काय, मागे पडली.

तीस वर्षांनी इंग्लंडमधीलच शेफील्ड येथील रॉयल हॅलमशर रुग्णालयातील मज्जाविकारतज्ज्ञ डॉ. मारिओस हाजीवासिलिऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रश्न उलट्या बाजूने विचारला. सिलिअॅकच्या रुग्णांत किती जणांना मज्जाविकार आहे, हे पाहण्याऐवजी त्यांनी मज्जाविकाराच्या रुग्णांचे रक्त ग्लायडिनविरोधी प्रतिपिंडांसाठी तपासले. ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात १९९६ मध्ये आलेले त्यांचे आकडे चकित करणारे होते. ज्यांच्या आजाराचे कारण सापडत नव्हते अशा ५३ रुग्णांपैकी ३० जणांत, म्हणजे ५७ टक्क्यांत, ही प्रतिपिंडे होती. ज्यांच्या मज्जाविकाराचे कारण ठाऊक होते त्यांच्यात हे प्रमाण अवघे ५ टक्के आणि निरोगी रक्तदात्यांत १२ टक्के होते.

त्यापुढील मोठा अभ्यास ‘ब्रेन’ या नियतकालिकात २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात अटॅक्सियाच्या २२४ रुग्णांचा समावेश होता. कौटुंबिक इतिहास नसलेल्या आणि कारण अज्ञात असलेल्या १३२ जणांपैकी ५४ जणांत, म्हणजे ४१ टक्क्यांत, प्रतिपिंडे आढळली. आनुवंशिक अटॅक्सियात हे प्रमाण १४ टक्के, तर १,२०० निरोगी व्यक्तींत १२ टक्के होते. पुढे शेफील्डच्या केंद्रात तपासलेल्या १,५०० रुग्णांच्या पाहणीत, आनुवंशिक नसलेल्या अटॅक्सियाच्या कारणांत ग्लूटेनचा वाटा सर्वांत मोठा, सुमारे पाव, असल्याचे सांगण्यात आले. अर्थात हे केंद्र याच आजारासाठी ख्यातनाम असल्याने तेथे असे रुग्ण अधिक येत असणार, हे लक्षात घेऊनच हा आकडा वाचावा लागतो.

या रुग्णांचे चित्र साधारण एकसारखे आहे. आजार बहुधा पन्नाशीच्या आसपास सुरू होतो आणि हळूहळू वाढतो. चालण्यातील दोष सर्वांत असतो, पायांतील अटॅक्सिया बहुतेकांत असतो आणि डोळे बाजूला वळविले असता बुबुळे थरथरण्याचे लक्षणही पुष्कळांत दिसते. एमआरआयमध्ये लहान मेंदू आकसल्याचे ६० टक्क्यांपर्यंत रुग्णांत आढळते. मात्र पोटाच्या तक्रारी फार थोड्यांना असतात. आतड्याचा तुकडा काढून तपासल्यास सिलिअॅकसारखे बदल केवळ पाव ते एक तृतीयांश रुग्णांतच सापडतात. पोट दुखत नाही म्हणून रुग्ण गव्हाचा संशय घेत नाही आणि पोट दुखत नाही म्हणून डॉक्टरही त्याविषयी विचारत नाहीत. निदान लांबते ते यामुळेच.

आतडे, त्वचा आणि मेंदू

पोळीचा अंश मेंदूपर्यंत पोहोचतो कसा, हा प्रश्न साहजिकच विचारला गेला. त्याचे उत्तर समजण्यासाठी त्वचेच्या एका विकाराचे उदाहरण उपयोगी पडते. डर्मटायटिस हर्पेटिफॉर्मिस या विकारात कोपरे, गुडघे आणि नितंबांवर असह्य खाज सुटणारे फोड येतात. त्याचा आतड्याशी संबंध १९६६ मध्ये, म्हणजे कुक आणि स्मिथ यांचा लेख आला त्याच वर्षी, लक्षात आला. याही रुग्णांना बहुधा पोटाची तक्रार नसते आणि ग्लूटेन बंद केल्यावर त्वचा सुधारते. ग्लूटेनविषयक विकार पोट सोडून दुसरीकडे प्रकटू शकतो, हे त्वचारोगतज्ज्ञांनी तेव्हापासून मान्य केले. मज्जाविकारतज्ज्ञांत ते मान्य व्हायला अधिक काळ लागला.

सिलिअॅकच्या रुग्णांतील प्रतिपिंडे ट्रान्सग्लुटामिनेज-२ या विकरावर रोखलेली असतात, हे जर्मनीतील वाल्बुर्गा डिटरिश, डेटलेफ शुप्पान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखविले. त्वचेच्या विकारात हा रोख त्याच कुळातील ट्रान्सग्लुटामिनेज-३ वर असतो, हे २००२ मध्ये कळले. आणि २००८ मध्ये हाजीवासिलिऊ, कार्डिफ येथील डॅनिएल एश्लिमान आणि त्यांचे सहकारी यांनी मज्जापेशींत असणारे या कुळातील आणखी एक विकर पुढे आणले. ट्रान्सग्लुटामिनेज-६ हे त्याचे नाव. ग्लूटेन अटॅक्सियाच्या रुग्णांत या विकराविरुद्ध प्रतिपिंडे होती. २०१३ च्या अभ्यासात ती अशा ७३ टक्के रुग्णांत आढळली. एकाच कुळातील तीन भाऊ तीन घरांत राहावेत, तशी ही विकरे आतड्यात, त्वचेत आणि मेंदूत आहेत. शरीराचा रोख ज्याच्याकडे वळेल, त्याच्या घरी आजार प्रकटतो, अशी ही उपपत्ती आहे.

तिला पूरक पुरावेही आहेत. अशा रुग्णांच्या मेंदूत सूक्ष्म रक्तवाहिन्यांभोवती दाहक पेशी आणि ट्रान्सग्लुटामिनेजविरोधी प्रतिपिंडे साचलेली आढळली आहेत. ग्लायडिनविरोधी प्रतिपिंडे पर्किंजे पेशींनाही चिकटू शकतात, हे प्रयोगशाळेत दिसले आहे. तथापि प्रतिपिंडेच पेशी मारतात, की ती केवळ चालू असलेल्या दाहाची खूण आहेत, हा वाद मिटलेला नाही.

आक्षेप आणि त्यांचे वजन

या संशोधनावर टीकाही झाली आहे आणि ती झटकून टाकण्याजोगी नाही. अमेरिकेत खलफल्ला बुशारा आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये अटॅक्सियाच्या ५० रुग्णांचे रक्त तपासले. कारण अज्ञात असलेल्यांत प्रतिपिंडांचे प्रमाण २७ टक्के निघाले. पण ज्यांचा आजार निखालस आनुवंशिक होता त्यांच्यात ते ३७ टक्के निघाले. जनुकातील दोषाने झालेल्या आजाराचा ठपका गव्हावर कसा ठेवणार? जर्मनीतून २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तर अटॅक्सियाचे रुग्ण आणि इतर लोक यांच्या प्रमाणात म्हणण्यासारखा फरकच दिसला नाही.

मूळ अडचण अशी की ग्लायडिनविरोधी प्रतिपिंडे शंभरातील दहा-बारा धडधाकट माणसांतही सापडतात. त्यामुळे केवळ रक्ताच्या अहवालावर ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द पाहून आजाराचे कारण सापडले असे म्हणता येत नाही. दुसरीकडे, सिलिअॅकसाठी सर्रास केली जाणारी ट्रान्सग्लुटामिनेज-२ ची तपासणी ग्लूटेन अटॅक्सियाच्या जेमतेम ३८ टक्क्यांपर्यंत रुग्णांत होकारार्थी येते आणि तीही अनेकदा काठावर. म्हणजे एक तपासणी जास्त जणांना पकडते, तर दुसरी बहुतेकांना सोडून देते. ट्रान्सग्लुटामिनेज-६ ची तपासणी या दोहोंमधून वाट काढील अशी आशा आहे. पण ती सर्वत्र उपलब्ध नाही.

सिलिअॅकसंबंधी संज्ञा ठरविण्यासाठी तज्ज्ञांच्या गटाने केलेल्या, ‘ऑस्लो व्याख्या’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मांडणीत ग्लूटेन अटॅक्सियाला स्वतंत्र स्थान मिळाले आहे. अन्य कारण न सापडलेला, आनुवंशिक नसलेला अटॅक्सिया आणि रक्तात ग्लायडिनविरोधी प्रतिपिंडे, मग आतड्यात बदल असोत वा नसोत, अशी त्याची व्याख्या करण्यात आली. तिच्यातील ‘अन्य कारण न सापडलेला’ हे शब्द सर्वांत महत्त्वाचे आहेत. बाकीची कारणे तपासण्याचे कष्ट न घेता ग्लूटेनवर बोट ठेवणे ही चूकच. पण बाकी सर्व तपासून ग्लूटेनकडे पाहायचे विसरणे ही त्याहून महाग पडणारी चूक आहे.

आहाराने काय साधते?

शेफील्डच्याच गटाने आहाराचा परिणाम २००३ मध्ये मांडला. ४३ रुग्णांना ग्लूटेनमुक्त आहार सुचविण्यात आला. त्यांपैकी २६ जणांनी तो पाळला आणि वर्षभरात त्यांच्या रक्तातील प्रतिपिंडे नाहीशी झाली. १४ जणांनी आहार नाकारला; तेच तुलनेसाठी धरले गेले. आहार पाळूनही ज्यांची प्रतिपिंडे कायम राहिली अशा तिघांना हिशेबातून वगळले. वर्षाअखेरीस आहार पाळणारे अटॅक्सियाच्या सर्व चाचण्यांत सुधारले आणि न पाळणाऱ्यांशी तुलना करता हा फरक स्पष्ट होता. आतड्यात बदल असलेले आणि नसलेले, दोघांनाही लाभ झाला.

हा अभ्यास चिठ्ठ्या टाकून रुग्णांची विभागणी करून झालेला नव्हता. ज्याला जे हवे ते त्याने निवडले. आहार पाळण्याची जिद्द असलेला माणूस व्यायामही नेटाने करील, ही शंका रास्त आहे. तरी पुढील काळात याच गटाने लहान मेंदूतील रसायनांचे प्रमाण मोजणारी एमआर स्पेक्ट्रोस्कोपी वापरून पाहिली आणि काटेकोर आहार पाळणाऱ्यांत सुधारणेची चिन्हे असल्याचे २०१७ मध्ये नमूद केले. केवळ इच्छाशक्तीने ही रसायने बदलत नसावीत.

सुधारणा म्हणजे मात्र चमत्कार नव्हे. चाकाच्या खुर्चीतला माणूस सहा महिन्यांत धावू लागला, अशा गोष्टींवर विश्वास ठेवू नये. आजार जितका जुना, तितकी परतीची वाट अरुंद. ज्यांच्या पर्किंजे पेशी मोठ्या प्रमाणात नष्ट झाल्या आहेत, त्यांच्या बाबतीत आजार आहे तेथेच थांबला तरी पुष्कळ मिळविले असे म्हणावे लागते. त्यातही थोडाफार ग्लूटेन पोटात जात राहिला तर हे थांबणेही साधत नाही. प्रतिपिंडे रक्तातून जाण्यास सहा महिने ते वर्ष लागते, त्यामुळे महिनाभर पोळी सोडून ‘काही फरक नाही’ असा निष्कर्ष काढणाऱ्याने स्वतःचीच फसवणूक केलेली असते. आहाराबरोबर तोल आणि चालणे यांचा व्यायाम फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली सुरू ठेवावा लागतो तो वेगळाच.

आणखी एक चूक अलीकडे वाढते आहे. कोठेतरी वाचून किंवा शेजाऱ्याच्या सल्ल्याने आधी गहू सोडायचा आणि मग तपासणीला जायचे. गहू बंद असेल तर प्रतिपिंडांचे प्रमाण घटत जाते आणि अहवाल फसवा येतो. रक्त तपासून होईपर्यंत नेहमीचा आहार चालू ठेवणे आवश्यक असते.

गव्हाचा पट्टा आणि भाकरीचा प्रदेश

भारतात सिलिअॅक दुर्मीळ आहे, असे दीर्घकाळ मानले जाई. दिल्ली परिसरात केलेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तो सुमारे ९६ माणसांत एकाला असल्याचे निघाले. देशाच्या तीन भागांतील २३,३३१ प्रौढांची पाहणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. सिलिअॅकचे प्रमाण उत्तरेत १.२३ टक्के, ईशान्येत ०.८७ टक्के आणि दक्षिणेत अवघे ०.१० टक्के होते. आनुवंशिक खुणा असलेल्यांचे प्रमाण मात्र तिन्ही भागांत जवळपास सारखे, ३१ ते ३८ टक्क्यांच्या दरम्यान, होते. फरक ताटात होता. उत्तरेत माणशी दिवसाला सरासरी ४५५ ग्रॅम गहू खाल्ला जात होता, ईशान्येत ३७ ग्रॅम आणि दक्षिणेत २५ ग्रॅम. एवढ्या थोड्या गव्हावरही ईशान्येतील प्रमाण दक्षिणेहून कितीतरी जास्त का, याचा उलगडा केवळ गव्हाच्या वजनातून होत नाही, हेही येथे लक्षात घ्यावे.

महाराष्ट्र त्या पाहणीत नव्हता. पण भाकरीचा हा प्रदेश गेल्या दोन पिढ्यांत मोठ्या प्रमाणात पोळीकडे वळला, हे कोणत्याही घरातील आजी सांगू शकेल. गावाकडे सणावाराला होणारी पोळी शहरात दोन्ही वेळची झाली. नाश्त्याला पाव, बिस्किटे आणि रव्याचा उपमा आला. ज्वारी-बाजरीची सवय पुरती मोडलेली नसल्याने येथील रुग्णाला ग्लूटेनमुक्त आहार युरोपातील रुग्णापेक्षा सोपा जावा. भाकरी, भात, पिठले, आमटी, घावन, तांदळाची उकड, नाचणीची आंबील हे सारे त्याला चालते. उपवासाचे तर जवळजवळ संपूर्ण ताटच चालते. वरई, राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा आणि बटाटा यांपैकी कशातही ग्लूटेन नाही. परदेशातील दुकानांत चढ्या भावाने विकले जाणारे राजगिऱ्याचे आणि शिंगाड्याचे पीठ येथे एकादशीच्या आदल्या दिवशी कोपऱ्यावरच्या वाण्याकडे मिळते.

अडचण धान्यापेक्षा त्याच्या प्रवासात आहे. गिरणीत गहू दळून झाल्यावर त्याच जात्यात ज्वारी टाकली की तिच्या पिठात गव्हाचे पीठ उतरते. भारतात आणि अनेक देशांत ‘ग्लूटेनमुक्त’ या शब्दासाठी किलोमागे २० मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा मानली जाते. एक किलो पिठात इतका ग्लूटेन यायला गव्हाचे चमचाभर पीठही लागत नाही. त्यामुळे ज्या घरात असा रुग्ण आहे तेथे स्वतंत्र घरघंटी, निदान त्याच्यासाठी वेगळे पोळपाट-लाटणे, परात आणि तवा असणे ही चैन नव्हे.

फसवी ठिकाणेही बरीच आहेत. बाजारात मिळणाऱ्या बांधणीच्या हिंगात पुष्कळदा मैदा किंवा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. म्हणजे गव्हाचा कण नसलेली आमटीही फोडणीपाशीच नापास होते. थालीपिठाच्या भाजणीत अनेक घरी गहू असतो. सातूचे पीठ नावावरून वेगळे वाटले तरी त्यात गहू किंवा जव असतो. माल्ट घातलेली दुधात मिसळायची पूड जवापासून बनते. ओट्समध्ये मूळचा गहू नसला तरी शेतात आणि कारखान्यात त्याची भेसळ सहज होते. सातारा, सांगली, कोल्हापूर भागांत पिकणारा खपली गहू पचायला हलका आणि म्हणून चालणारा, असा समज पसरला आहे. खपली हा गहूच आहे, त्यात ग्लूटेन आहे आणि या रुग्णांना तो वर्ज्य आहे.

उरतो तो समाज. सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा रव्याचा असतो आणि प्रसादाला नाही म्हणणे बहुतेकांना जड जाते. लग्नाच्या पंगतीत ‘एका घासाने काय होणार आहे’ हा आग्रह ठरलेला. गोवा आणि वसईतील ख्रिस्ती रुग्णांपुढेही असाच पेच असतो, कारण पवित्र भाकर गव्हाचीच असावी लागते. व्हॅटिकनने २०१७ च्या पत्रात संपूर्ण ग्लूटेनविरहित भाकर ग्राह्य नसल्याचे, मात्र अत्यल्प ग्लूटेनची चालत असल्याचे स्पष्ट केले. पोटदुखी असलेल्याचे पथ्य लोकांना समजते. चालताना झोक जातो म्हणून पोळी सोडली, हे समजावून सांगताना रुग्ण आणि त्याची बायको दोघेही थकतात.

गहू सोडल्यावर आहारातील प्रथिने, लोह आणि जीवनसत्त्वे यांची भरपाई होते आहे ना, हे आहारतज्ज्ञाकडून पाहून घ्यावे लागते. शाकाहारी रुग्णांत ब-१२ कडे विशेष लक्ष हवे, कारण त्याच्या कमतरतेनेही तोल जातो आणि मग दोन कारणांचा गुंता होतो. ग्लूटेनशी संबंधित विकार असलेल्यांत थायरॉइडचे स्वयंप्रतिकार विकार आणि पहिल्या प्रकारचा मधुमेह तुलनेने अधिक आढळतात, म्हणून त्या तपासण्याही डॉक्टर सुचवितात. सुधारणा ‘बरे वाटते’ एवढ्यावर मोजली जात नाही. चालणे, उभे राहणे, बोलणे, बोट नाकाला लावणे, टाच नडगीवरून सरकविणे अशा कृतींना गुण देणारी ४० गुणांची सारा मोजपट्टी २००६ पासून उपलब्ध आहे. त्यात गुण जितके जास्त, तितका आजार तीव्र. प्रतिपिंडांची तपासणी साधारण सहा महिन्यांनी पुन्हा केली जाते. वर्षानंतरही ती कायम असतील तर आधी आहाराची झडती घ्यायची असते. अशा वेळी घरच्यांनी पहिल्यांदा हिंगाच्या डबीवरील बारीक अक्षरे वाचावीत आणि मग गिरणीवाल्याला विचारावे, की ज्वारीच्या आधी काय दळले होते.